घरगुती मत्स्यालयात ब्रिस्टलनोज प्लेको माशाची अंडी उबवणे व पिल्लांचे संगोपन : लासूर स्टेशन परिसराच्या संदर्भात

सारांश

बाजारात ‘सकर’ या एकाच नावाने विकले जाणारे ब्रिस्टलनोज प्लेको आणि सेलफिन प्लेको हे दोन भिन्न मासे आहेत. यांपैकी पहिला आकाराने लहान असून घरगुती टाकीत सहज प्रजनन करतो. त्याची अंडी फुटण्यास पाळणाऱ्याच्या विशेष प्रयत्नांची गरज नसते. मात्र पीतक संपल्यानंतरच्या पहिल्या तीन-चार आठवड्यांत बहुसंख्य पिल्ले मरतात. या मृत्यूची कारणे, त्यांवरील उपाय आणि वाढलेल्या पिल्लांविषयीची जबाबदारी यांचे विवेचन मराठवाड्यातील पाणी, हवामान व वीजपुरवठा यांच्या संदर्भात प्रस्तुत लेखात करण्यात आले आहे.

बीजशब्द : ब्रिस्टलनोज प्लेको, अँसिस्ट्रस, पितृसंगोपन, पीतक, अमोनिया, परकीय प्रजाती.

१. प्रस्तावना

छत्रपती संभाजीनगर जिल्ह्याच्या गंगापूर तालुक्यातील लासूर स्टेशन हे मनमाड–सिकंदराबाद लोहमार्गावरील बाजारपेठेचे गाव आहे. शिवना नदीच्या खोऱ्यातील या परिसरात पाणी हा बारमाही चिंतेचा विषय असतो. मे महिन्यात तापमान ४० अंश सेल्सिअसच्या आसपास जाते, तर हिवाळ्यातील काही रात्री ते १० ते १२ अंशांपर्यंत उतरते. विहिरी व विंधनविहिरींचे पाणी बेसॉल्ट खडकातून येत असल्याने ते सामान्यतः जड, म्हणजे दुष्फेन असते. अशा ठिकाणी दक्षिण अमेरिकेतील नद्यांमधील मासा काचेच्या टाकीत वाढवणे हा वरकरणी केवळ छंदाचा भाग वाटेल. तथापि या छंदातून पाण्याचे रसायनशास्त्र, भ्रूणविकास, प्राणिवर्तन आणि परिसंस्थेविषयीची जबाबदारी असे अनेक विषय एकाच टाकीत अभ्यासता येतात. महाविद्यालयीन अध्यापकांच्या दृष्टीने या विषयाचे महत्त्व येथेच आहे.

मराठवाड्यातील जनतेला टाकीतील माशांची ओळख बहुधा गप्पी माशांमुळे झालेली असते. हिवताप नियंत्रणासाठी आरोग्य विभागाकडून हे मासे पाण्याच्या साठ्यांत सोडले जातात. गप्पी माशाची मादी जिवंत पिल्ले जन्मास घालते आणि संधी मिळताच त्यांना खाऊनही टाकते. ब्रिस्टलनोज प्लेकोचे वर्तन याच्या नेमके उलट आहे. त्याची मादी अंडी घालून निघून जाते आणि नर अन्नाचा विचार न करता त्यांची राखण करतो.

२. माशाची ओळख

ब्रिस्टलनोज प्लेको हा लॉरिकॅरिडी या चिलखती मार्जारमीनांच्या कुलातील अँसिस्ट्रस प्रजातीचा मासा आहे. या प्रजातीत ७० हून अधिक जातींचे वर्णन झालेले आहे. पाळीव स्वरूपात अनेक पिढ्या वाढलेल्या माशाची नेमकी जात निश्चित करणे कठीण असल्याने जाणकार त्यास केवळ ‘अँसिस्ट्रस’ म्हणूनच संबोधतात. पूर्ण वाढीनंतर त्याची लांबी १० ते १५ सेंटिमीटर असते. शोषक चकतीसारख्या तोंडाने तो काच, दगड व लाकूड यांना चिकटतो आणि त्यांवरील शेवाळाचा थर खरवडून खातो.

या प्रजातीतील माशांच्या अन्नशोधाचा उत्कृष्ट अभ्यास पनामा देशातील एका ओढ्यात मेरी पॉवर या संशोधिकेने केला व तो १९८४ मध्ये प्रसिद्ध झाला. उन्हातील डोहांत शेवाळ वेगाने वाढते, म्हणून तेथे हे मासे जास्त संख्येने आढळतात. सावलीतील डोहांत ते कमी असतात. परिणामी प्रत्येक माशाच्या वाट्यास येणारे अन्न जवळपास सारखेच राहते. निसर्गात हा मासा अन्नाच्या प्रमाणात विखुरतो. टाकीत मात्र त्याला विखुरण्यास जागा नसते. पिल्लांच्या मृत्यूचे मूळ कारण समजून घेताना ही बाब लक्षात ठेवणे आवश्यक आहे.

नर व मादी ओळखणे सोपे आहे. प्रौढ नराच्या मुस्कटावर व कपाळावर फांद्या फुटलेली मांसल स्पर्शके असतात. मादीस ती नसतात किंवा मुस्कटाच्या कडेस आखूड स्वरूपात असतात. ही स्पर्शके लहान पिल्लांसारखी भासत असल्याने ‘हा नर पिल्ले सांभाळणारा आहे’ असा संकेत मादीस मिळत असावा, असे गृहीतक सबाज, आर्मब्रस्टर व पेज या संशोधकांनी १९९९ मध्ये मांडले.

खरेदीच्या वेळी एक काळजी घ्यावी लागते. ‘सकर’ या नावाने अधिक प्रमाणात विकला जातो तो टेरिगोप्लिक्थिस प्रजातीचा सेलफिन प्लेको. बोटाएवढा असताना तो निरुपद्रवी दिसतो. पुढे तो ४० सेंटिमीटरपेक्षाही अधिक वाढू शकतो. दोहोंतील फरक पाठीवरील परात दिसतो. सेलफिनच्या पाठीवरील पर शिडासारखा उंच असून त्यात दहा वा अधिक मऊ शलाका असतात. ब्रिस्टलनोजमध्ये त्या साधारण सात असतात. शलाका मोजण्याच्या या एका सवयीने पुढील अनेक अडचणी टळतात.

३. प्रजननाची पूर्वतयारी

दोन फूट लांब व एक फूट रुंद-उंच टाकीत सुमारे ५४ लिटर पाणी मावते. एक नर व एक किंवा दोन माद्या यांच्यासाठी ही टाकी पुरेशी असते. एवढ्या जागेत दोन नर ठेवल्यास ते परस्परांशी झुंजतात. सुमारे वर्षभर वयाचे मासे प्रजननक्षम असतात.

(अ) गुहा : नर अंधाऱ्या व अरुंद पोकळीची निवड करतो. त्याचे शरीर जेमतेम आत जाईल व एक बाजू बंद असेल अशी जागा त्यास पसंत पडते. यासाठी बाजारातील महागड्या वस्तूंची गरज नाही. कुंभाराकडील रंग न दिलेले अरुंद बोळके आडवे ठेवल्यास, दोन नळीची कौले एकमेकांवर उपडी बांधल्यास, अथवा १२ ते १५ सेंटिमीटर लांब व ४ ते ५ सेंटिमीटर व्यासाची मातीची नळी वापरल्यास काम भागते. संक्रांतीची रंगवलेली सुगडी मात्र वापरू नयेत.

(आ) पाणी : २४ ते २७ अंश तापमान उत्तम. ६.५ ते ७.८ सामूच्या पाण्यात हा मासा सुखाने राहतो आणि पाण्याचा मध्यम जडपणा सहन करतो. नळाच्या पाण्यात जंतुनाशनासाठी मिसळलेला क्लोरीन माशांना घातक असतो. ते पाणी पसरट भांड्यात २४ तास उघडे ठेवून त्यात हवा सोडावी, किंवा सोडियम थायोसल्फेटचे योग्य प्रमाण वापरावे. विंधनविहिरीच्या पाण्यात विरघळलेला प्राणवायू कमी असू शकतो. म्हणून तेही हवा दिल्यानंतरच वापरावे.

(इ) चालना : निसर्गात पावसाचे थंड पाणी नदीत येते तेव्हा प्रजननास चालना मिळते. टाकीतील एक चतुर्थांश पाणी काढून त्याऐवजी दोन-तीन अंश थंड पाणी हळूहळू भरल्यास हाच संकेत देता येतो. लासूर परिसरात मृगाच्या पावसानंतर तापमान स्वाभाविकपणे उतरते. त्यामुळे तो काळ या कामास अनुकूल ठरतो.

४. अंडी आणि नराची राखण

मादी गुहेत नारिंगी रंगाच्या टपोऱ्या अंड्यांचा चिकट घोस घालते. अंड्यांची संख्या मादीच्या आकारानुसार ३० पासून १०० पर्यंत, क्वचित त्याहून अधिक असते. त्यानंतर नर गुहेच्या तोंडाशी बसून परांनी सतत पाणी खेळवत राहतो. यामुळे अंड्यांना प्राणवायू मिळतो व त्यांवर गाळ बसत नाही. खराब झालेली अंडी तो बाजूला काढतो. या काळात तो क्वचितच बाहेर पडतो. कुतूहलापोटी वारंवार गुहा उचलून पाहणे किंवा विजेरीचा झोत टाकणे टाळावे. बिथरलेला नर अंड्यांचा घोस बाहेर लोटतो.

सुमारे २६ अंश तापमानात अंडी साधारण पाच दिवसांत फुटतात. पाणी थंड असल्यास आठवडा लागतो. नवजात पिल्लू म्हणजे जणू पीतकाच्या नारिंगी थैलीस जोडलेली बारीक शेपटी. ही थैली ही त्याची शिदोरी होय. पुढील पाच-सहा दिवस पिल्ले गुहेच्या भिंतीस तोंडाने चिकटून राहतात व या शिदोरीवर वाढतात. या अवस्थेत बाहेरून अन्न देऊ नये. ते खाल्ले जात नाही आणि पाणी मात्र नासते.

नराने घोस बाहेर टाकल्यास कृत्रिम उबवणी करता येते. चहाची प्लास्टिकची गाळणी टाकीच्या कडेस पाण्यात अर्धवट बुडेल अशी अडकवावी, तीत घोस ठेवावा व शेजारी हवेचे बुडबुडे सोडावेत. बुडबुड्यांमुळे पाणी घोसावरून फिरते आणि नराच्या परांचे काम भागते. पांढरी, अपारदर्शक झालेली अंडी चिमट्याने रोज काढावीत. अन्यथा त्यांवरील बुरशी शेजारच्या निरोगी अंड्यांना व्यापते. स्वतंत्र भांड्यात उबवणी करताना मिथिलिन ब्लूचे सौम्य द्रावण वापरता येते. जैविक गाळणी असलेल्या मुख्य टाकीत ते घालू नये, कारण त्यामुळे उपयुक्त जीवाणूही नष्ट होऊ शकतात.

५. पिल्ले का मरतात?

पीतक संपताच पिल्ले गुहेबाहेर येऊन टाकीभर पसरतात. नवख्या पालकाचा आनंद येथे सुरू होतो आणि बहुधा येथेच संपतो. साठ पिल्ले मोजलेल्या टाकीत तीन आठवड्यांनी दहा-बाराच उरतात. यासाठी रोगास दोष दिला जातो. परंतु खरी कारणे प्रामुख्याने पुढील दोन असतात.

(अ) उपासमार : या माशाचे आतडे लांब व वेटोळे असते. वनस्पतिजन्य अन्नातून पोषण कमी मिळत असल्याने त्यास सतत चरावे लागते. सुमारे एक सेंटिमीटर लांबीच्या पिल्लाजवळ साठवलेली ऊर्जा अत्यल्प असते. दिवसातून एकदा चिमूटभर खाद्य देण्याची प्रौढ माशांची पद्धत येथे अपुरी पडते. स्वच्छ, चकचकीत काच पाळणाऱ्यास सुखावते. पिल्लासाठी ते ओसाड रान असते. उपाशी पिल्लू उलट्या बाजूने पाहिल्यास त्याचे पोट खपाटीस गेलेले दिसते. गोल, फुगीर पोट हे सुस्थितीचे लक्षण होय.

(आ) अमोनियाची विषबाधा : उपासमार टाळण्यासाठी भरपूर अन्न टाकले की दुसरे संकट ओढवते. विष्ठा व कुजणारे अन्न यांतून अमोनिया निर्माण होतो. गाळणीतील जीवाणू त्याचे प्रथम नायट्राइटमध्ये व नंतर तुलनेने कमी घातक अशा नायट्रेटमध्ये रूपांतर करतात. हे जीवाणू स्थिरावण्यास काही आठवडे लागतात. म्हणून पिल्लांसाठी ऐनवेळी मांडलेली नवी टाकी धोकादायक ठरते.

दुष्फेन पाण्याच्या प्रदेशात हा धोका अधिक असतो. पाण्यातील एकूण अमोनियाचा काही भागच मुक्त, विषारी स्वरूपात असतो. २५ अंश तापमानास सामू ७ असेल तर हा भाग सुमारे ०.६ टक्के असतो. सामू ८ झाल्यास तो ५.४ टक्क्यांच्या आसपास जातो, म्हणजेच जवळपास दहापट होतो. ३० अंश तापमानास सामू ८ वर तो ७ टक्क्यांहून अधिक असतो. जड पाण्याचा सामू अनेकदा ७.५ ते ८ च्या घरात असतो. त्यामुळे इतरत्र खपून जाणारा निष्काळजीपणा मराठवाड्यातील उन्हाळ्यात जीवघेणा ठरतो.

याखेरीज गाळणीच्या पंपात ओढले जाणे, पाणी बदलताना तापमानात अचानक फरक पडणे व टाकीतील इतर माशांकडून खाल्ले जाणे ही दुय्यम कारणे होत. पंपाचा धोका स्पंज गाळणी वापरल्याने पूर्णतः टळतो. शिवाय स्पंजवर अडकलेले कण पिल्लांना चरण्यास उपयोगी पडतात.

६. आहाराचे नियोजन

भरपूर अन्न आणि स्वच्छ पाणी या परस्परविरोधी भासणाऱ्या गरजांचा मेळ घालणे हेच पिल्लांच्या संगोपनाचे मर्म आहे. न कुजणारे अन्न कायम उपलब्ध ठेवणे व कुजणारे अन्न वेळेत काढणे, हा त्यावरील सोपा मार्ग होय.

पहिल्या गटात शेवाळ व लाकूड येतात. पसरट दगड बादलीभर पाण्यात गच्चीवर उन्हात ठेवल्यास साधारण १० ते १२ दिवसांत त्यांवर हिरवा थर चढतो. डासांची पैदास टाळण्यासाठी बादलीस पातळ कापड बांधावे. दर दोन दिवसांनी एक दगड टाकीत ठेवून चरून झालेला दगड पुन्हा उन्हात न्यावा. जेथे ऊन हीच अडचण असते तेथे तिचाच असा उपयोग होतो. राळ नसलेले, पूर्ण वाळलेले व उकळून घेतलेले लाकूडही टाकीत असावे. हे मासे त्याचा पृष्ठभाग खरवडतात.

दुसऱ्या गटात काकडी, दुधी, दोडका, लाल भोपळा, पालक या भाज्या येतात. कीटकनाशकांचा अंश टाळण्यासाठी भाजी धुऊन व साल काढून घ्यावी. ती दोन-तीन मिनिटे उकळून गार करावी व चकती बुडून राहावी म्हणून दगडास बांधावी. रात्री घातलेली चकती सकाळी काढून टाकावी. स्पिरुलिनायुक्त गोळीचा लहान तुकडा दिवसातून दोनदा द्यावा. उकडलेल्या अंड्याचा बलक पाणी झपाट्याने नासवतो. तो टाळणे इष्ट.

७. पाणी, उष्णता आणि वीज

पहिले महिनाभर दररोज १५ ते २० टक्के पाणी बदलणे हितावह असते. ५४ लिटरच्या टाकीसाठी हे प्रमाण ८ ते ११ लिटर, म्हणजे बादलीपेक्षाही कमी भरते. टँकरची वाट पाहणाऱ्या गावात एवढ्या पाण्याचाही हिशेब द्यावा लागतो. टाकीतून काढलेल्या पाण्यात नायट्रेट असल्याने ते परसातील झाडांस घातल्यास वाया जात नाही. ज्या घरी उन्हाळ्यात हेही शक्य नाही, तेथे गुहा काढून घेऊन त्या काळापुरते प्रजनन थांबवणे हाच योग्य निर्णय ठरतो.

पाणी जितके तापते तितका त्यात प्राणवायू कमी विरघळतो. समुद्रसपाटीवर २५ अंशांच्या पाण्यात लिटरमागे सुमारे ८.३ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, तर ३२ अंशांना ७.३ मिलिग्रॅम. प्रौढ अँसिस्ट्रस पृष्ठभागावर येऊन हवा गिळतो व जठराद्वारे तिच्यातील प्राणवायू घेऊ शकतो. त्याचे असे वारंवार वर येणे ही पालकासाठी धोक्याची सूचना असते. उन्हाळ्यात टाकी खिडकीपासून दूर ठेवावी, काचेभोवती ओले गोणपाट गुंडाळावे आणि पृष्ठभागावर पंख्याचा वारा येऊ द्यावा. हिवाळ्यात पाणी २२ अंशांखाली जाऊ नये म्हणून हीटर वापरावा.

वीजपुरवठा खंडित झाल्यास हवेचा पंप बंद पडतो. त्यासाठी बॅटरीवर चालणारा लहान पंप जवळ असावा. तो नसल्यास तांब्याने टाकीतील पाणी घेऊन उंचावरून पुन्हा टाकीतच सोडावे. टाकीत पिल्लांची दाटी नसणे हा सर्वांत खात्रीचा उपाय होय.

८. वाढलेल्या पिल्लांचे काय?

दोन ते तीन महिन्यांत पिल्ले दोन-तीन सेंटिमीटरची होतात व देवघेवीस योग्य ठरतात. एका जोडीने वर्षात सहा वेळा प्रत्येकी ६० अंडी घातली असे मानल्यास ही संख्या ३६० होते. संगोपन जितके यशस्वी तितका हा प्रश्न मोठा होतो. जीव मारवत नाही आणि घरात जागा नाही, अशा वेळी नदी, विहीर अथवा तलावात मासा ‘सोडून देणे’ पुण्याचे वाटते. गप्पी मासे पाण्यात सोडण्याची सवय असलेल्या समाजात तर त्यात काही वावगे आहे असे कोणासही वाटत नाही.

या समजुतीची किंमत सेलफिन प्लेकोने दाखवून दिली आहे. टाकीत न मावणारा हा मासा देशाच्या अनेक भागांतील नद्या-तलावांत पोहोचला असून महाराष्ट्रात उजनी जलाशयात तो मच्छीमारांच्या जाळ्यांत येतो. खरखरीत चिलखत व काटे यांमुळे जाळी फाटतात आणि त्यास खाद्यमासा म्हणून मागणी नसते. तो प्रजननासाठी काठाच्या मातीत बिळे खोदतो. मेक्सिकोतील इन्फिएर्निलो जलाशयात या माशांच्या प्रसारामुळे तिलापिया मासेमारीचे मोठे नुकसान झाले. बांगलादेशाने २०२३ मध्ये सकर माशावर बंदी घातली.

ब्रिस्टलनोज आकाराने लहान व संख्येने कमी असल्याने त्याचा उपद्रव तेवढा होणार नाही, असा युक्तिवाद केला जाऊ शकतो. परंतु जो मासा लासूरमधील टाकीतील जड पाणी सहन करतो, कमी प्राणवायूत हवा गिळून तगतो आणि ज्याचा नर पिल्लांची राखण करतो, त्यास जलाशयात टिकण्याची साधने निसर्गतःच लाभलेली आहेत. शिवना नदी गोदावरीस मिळते आणि गोदावरीचे पाणी पैठण येथील जायकवाडीच्या नाथसागरात साठते. गावच्या डोहात सोडलेला मासा त्या डोहातच राहील याची शाश्वती कोणीही देऊ शकत नाही.

यासाठी पुढील नियम पाळणे उचित ठरते : (१) पिल्ले घेणारे निश्चित असल्याशिवाय नवी जोडी लावू नये. (२) अंडी नको असतील तेव्हा गुहा काढाव्यात व नर-मादी वेगळे ठेवावेत. (३) पिल्ले देताना पूर्ण वाढलेल्या माशाचा आकार व त्यास लागणारी टाकी यांची माहिती द्यावी. (४) कोणत्याही परिस्थितीत मासा, अंडी वा टाकीतील वनस्पती नैसर्गिक पाण्यात सोडू नयेत.

९. समारोप

विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१४ मध्ये प्राणिशास्त्राच्या वर्गांतील विच्छेदन थांबवणारी अधिसूचना काढली. त्यानंतर जिवंत प्राण्याच्या निरीक्षणावर आधारित प्रात्यक्षिकांची गरज वाढली आहे. साध्या भिंगातून पीतकावरील रक्तवाहिन्या व हृदयाची धडधड दाखवणारे हे पिल्लू त्यासाठी सहज उपलब्ध होऊ शकते. एकाच टाकीच्या आधारे विद्यार्थी सामू मोजतील, पिल्लांची साप्ताहिक गणना करतील आणि मृत्यूचा संबंध अन्न व पाणी यांच्याशी जोडून पाहतील.

अंडी उबवण्याचे काम नर स्वतःच करतो. पाळणाऱ्याचे काम त्यानंतर सुरू होते. रोजचे थोडे पाणी, सतत उपलब्ध अन्न आणि वेळेत काढलेली शिळी चकती एवढ्यावर साठांपैकी बहुसंख्य पिल्ले जगू शकतात. मात्र ती जगवण्यापूर्वीच त्यांच्या पुढील घराचा विचार झालेला असला पाहिजे. जेथे तो विचार झालेला नाही, तेथे बोळके टाकीबाहेर ठेवणे हेच जबाबदार मत्स्यपालन होय.